मांडीखाली हात

‘समजलं का?’ असं कुणी कुणाला विचारलेलं आमच्या सरांना खपत नसे.

‘समजलं काय म्हणून विचारलं की प्रत्येक माणूस हाव म्हणते,’ ते म्हणायचे. ‘सायब असो, शिपाई असो, नवा जावई असो. कोणी नाही म्हणत नाही. त्याच्यापेक्षा त्याले विचार, आता काय होईन? मंग कळते त्याच्या डोक्यात काय चालू आहे ते.’

हा प्रश्न ते फक्त कामावर विचारत असते तर चाललं असतं. पण खामगावात ज्या खानावळीत आम्ही दुपारी जेवायचो, तिथल्या वाढप्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. तो ऑर्डर घेऊन वळला की सर त्याला थांबवायचे. ‘आता काय होईन?’ पहिल्या दिवशी तो माणूस घाबरला. ‘आता... आता जेवण येईन सायेब.’ ‘कोणतं?’ त्यानं सांगितलं, आणि त्यात सरांची ज्वारीची भाकरी गव्हाची पोळी झालेली निघाली. सर माझ्याकडे असे बघायला लागले जणू त्यांनी एखादा रोग वेळेत पकडला होता. पुढे पुढे तो वाढपी आम्हाला लांबून पाहिलं की स्वतःच मोठ्यानं म्हणायचा, ‘दोन भाकर, एक वांगं, एक दाळ, हेच होईन!’

आमचं काम लोकांना सांगायला अवघड होतं. माझ्या वडिलांना देऊळगाव राजात अजूनही नीट सांगता येत नाही की पोरगी नक्की काय करते. विम्यातून उपचार करायचा तर दवाखान्यातल्या खिडकीवरच्या माणसाला कॉम्प्युटरवर पेशंटचे कागद चढवून विमा कंपनीकडे मंजुरी मागावी लागते, मग बिल पाठवावं लागतं. ते ज्या सॉफ्टवेअरवर होतं, ते वापरणाऱ्याला झेपतं की नाही, हे आम्ही बघायचो. दवाखान्यात जायचं, खिडकीमागे बसायचं, आणि माणूस कुठे अडतो, कुठे चुकतो, कुठे सुस्कारा सोडतो ते टिपायचं. पुण्याच्या एका कंपनीनं जिल्ह्यातल्या दवाखान्यांचं हे काम सरांना दिलं होतं, आणि सरांनी मला हाताखाली घेतलं होतं.

ते स्वतः पुण्यात बरीच वर्षं मोठ्या पदावर होते. आई अंथरुणाला खिळली म्हणून खामगावला परत आले, आणि आई गेल्यावरही परत गेले नाहीत. लग्न केलेलं नव्हतं. पुण्याच्या मीटिंगमध्ये ते मुद्दाम अस्सल वऱ्हाडीत बोलायचे. पलीकडची मंडळी गालात हसायची ते त्यांना पडद्यावर दिसायचं. ‘हसू दे,’ ते म्हणायचे. ‘हसणारा माणूस ऐकत तरी असते.’

खिडकीमागे बसण्याची त्यांची एक पद्धत होती. गाडीच्या मागच्या सीटवर एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल कायम असे. दवाखान्यानं खुर्ची दिली तरी ते घेत नसत. ‘खुर्चीवर बसलो की मी सायब होतो,’ म्हणायचे. स्टुलावर बसलं की त्यांचं डोकं काम करणाऱ्याच्या खांद्याखाली यायचं. मग ते दोन्ही हात मांडीखाली घालायचे, तळवे स्टुलाला टेकवून, आणि वर बसायचे. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘नाही तं बोट जाते वं. इथं दाबा, तिथं दाबा. एकदा बोट गेलं की ते माणूस शिकलं नाही, आपण शिकवलं. मंग आपण घरी गेल्यावर त्याले कोण दाखवन?’

बघणाऱ्यानं मदत करायची नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो या धंद्यातल्या सगळ्यांचाच असतो. पण सरांचं पाळणं टोकाचं होतं. समोरचा माणूस घामाघूम व्हायचा, मागे वळून केविलवाणं बघायचा, ‘सर, तुमीच सांगा ना आता.’ सर छताकडे बघायचे. कुणी ‘माझंच चुकलं’ म्हणालं की मात्र ते चिडायचे. ‘तुमचं नाही चुकलं. त्याचं चुकलं,’ असं म्हणून पडद्याकडे हनुवटी उडवायचे. बोट नाही, हनुवटी.

‘युजर’ हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटायचा. मी एकदा लिहिलं, युजरला बटण सापडले नाही. त्यांनी ते खोडलं. ‘युजर कोण? तिले नाव नाही काय? वनिताबाईले बटण सापडलं नाही, असं लिही. पुण्यातल्या त्या पोट्ट्यांले कळू दे, कोणाले सापडलं नाही ते.’

वनिताताई म्हणजे खामगावच्या एका खासगी दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीवरच्या बाई. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवायची सवय, आणि एकाच वेळी फोन कानाला, पेन दातात आणि नजर पडद्यावर. सरांचा त्यांच्यावर फार जीव होता. त्यांच्यासारखं काम करणारं माणूस आपण उभ्या महाराष्ट्रात पाहिलं नाही, असं ते त्यांच्या तोंडावर सांगायचे, आणि मग त्यांनी विचारलेला चहा नाकारायचे. जिथं बघायला बसलो तिथला चहा घ्यायचा नाही, हाही नियमच. ‘चहा पेलो की मी पाहुणा झालो. पाहुण्यासमोर माणूस नीट वागते.’

एकदा कंपनीचे एक मोठे साहेब पुण्याहून आले होते. त्यांच्या मते सॉफ्टवेअर इतकं सोपं होतं की त्यांच्या आईलाही जमलं असतं. सरांनी वाद घातला नाही. साहेबांना सकाळच्या गर्दीत वनिताताईंच्या खुर्चीवर बसवलं, आणि वनिताताईंना म्हणाले, ‘तुमी चहा पिऊन या.’ खिडकीवर माणसं रेलली होती. कुणी रेशनकार्ड आत ढकलत होतं, फोन वाजत होता, एक आजी ‘माया नंबर कवा?’ विचारत होती. साहेब आजींशी सभ्यपणे बोलले, आणि परत पडद्याकडे वळले तेव्हा भरलेलं सगळं पुसून पहिलं पान आलेलं होतं. वेळ संपला, असं यंत्र म्हणत होतं. साहेबांनी मागे पाहिलं. सर स्टुलावर, हात मांडीखाली.

‘आता काय होईन सर?’ त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

साहेब मनमोकळं हसले, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यानंतर ते पहिलं पान यायचं बंद झालं. जाताना त्यांनी सरांचा हात हातात घेतला होता. सर आठवडाभर खुशीत होते. सगळं असंच चालत राहिलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

शामराव टेलर धामणगाव बढ्याचे, वनिताताईंच्या दवाखान्यात भरती झालेले. साखरेचा जुना आजार, पायाला जखम, ती चिघळलेली. डॉक्टरांनी सांगितलं, दोन बोटं काढावी लागतील, मंजुरी आली की लगेच घेऊ. शनिवारी सकाळी वनिताताईंनी त्यांचे कागद चढवले. त्या दिवशी मी घरी होते, चुलतबहिणीच्या साखरपुड्याला. त्यामुळे पुढचं मला नंतर कळलं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटी दोन बटणं होती. एक कागद जपून ठेवायचं, एक पुढे पाठवायचं. जपून ठेवायचं बटण दाबलं की हिरवी खूण उमटायची. वनिताताईंनी ते दाबलं, हिरवी खूण आली, फोन वाजला, त्यांनी खिडकीतून शामरावांच्या बायकोला सांगितलं, ‘पाठवलं काकू. येईन मंजुरी.’ आणि दुसऱ्याचं काम उघडलं.

सरांनी ते पाहिलं. कागद गेले नाहीत हे त्यांना दिसलं. इतके दिवस ते ज्याच्या मागावर होते ती हीच चूक होती. त्या हिरव्या खुणेवर त्यांचा आधीपासून संशय होता, पण प्रत्यक्ष कुणी फसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आता प्रश्न एवढाच होता की यंत्र वनिताताईंना चूक आपणहून कळू देतं का, आणि कधी. त्यासाठी गप्प बसणं भाग होतं. एरवी दिवस संपला की ते चुकलेलं-राहिलेलं सगळं सांगून मगच उठायचे. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, सोमवारपर्यंत थांबू.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर होते. गाडीत ते मला म्हणाले, ‘आज पाह्य तू. आज मजा आहे.’

शामरावांची बायको खिडकीशी आधीच उभी होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, हातात रिकामा डबा. ‘बाई, आली काय हो मंजुरी? त्याईचा पाय लय सुजला.’

‘परवाच पाठवलं ना काकू, बघते,’ असं म्हणून वनिताताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्या शोधत राहिल्या. पाठवलेल्यांत नाव नव्हतं. दुसरीकडे पाहिलं, तिथेही नव्हतं. मग अपूर्ण कामांत ते सापडलं.

मी सरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते. एखादा पक्षी फांदीवर यायची वाट बघावी आणि तो यावा, तसे. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतरही इतकं आनंदी पाहिलेलं नाही, आणि ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

‘अगं माय,’ वनिताताई म्हणाल्या. ‘हे तं गेलंच नाही.’

‘गेलं नाही म्हंजे?’ खिडकीतून आवाज आला. ‘मंग त्याईचा पाय?’

तेव्हा सरांनी पहिल्यांदा खिडकीच्या बाहेर पाहिलं. त्यांनी मांडीखालून हात काढले. ‘कोणाचं आहे हे?’ त्यांनी विचारलं. उत्तर समोर उभं होतं.

कागद लगेच गेले, मंजुरी दुपारीच आली. पण तोवर विष घोट्याच्या वर चढलं होतं. इथं जमणार नाही म्हणून शामरावांना अकोल्याला हलवलं. तिथे पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात वनिताताईंची चौकशी झाली. सर न बोलावता डॉक्टरांच्या खोलीत गेले, मी मागे. ‘बाईची चूक नाही,’ ते म्हणाले. ‘पडद्यानं तिले सांगतलं, झालं म्हणून. अन् मले माहीत होतं झालं नाही ते. मी पाहून राह्यलो होतो.’

 डॉक्टर म्हणाले, ‘शुगर फार होती सर. शनिवारी बोटं काढली असती तरी पाय वाचला असता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.’

‘वाचला नसता, असं सांगू शकता काय?’

डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

वनिताताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ‘सर, तुमाले दिसत होतं?’ त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. ‘मी दोनदा मागं वळून पाह्यलं असन तुमच्याकडं त्या दिवशी. चहा घेता काय म्हणूनही विचारलं. तुमी नाही म्हणाले, एवढंच बोलले.’ त्यांची नोकरी राहिली. पण पुढे कधी सर समोर आले की त्या मान खाली घालून काम करत राहायच्या.

पुण्याच्या मीटिंगमध्ये सरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तेच मोठे साहेब म्हणाले, ‘सर, तुम्ही नियमानंच वागलात. स्वतःला दोष देऊ नका. बटणाचं आम्ही बघतो.’ आणि खरंच बघितलं. थोड्याच दिवसांत नवं रूप आलं. जपून ठेवलं की हिरवी खूण नाही, ठळक लाल अक्षरांत ‘अजून पाठवलेले नाही’. सर ते पडद्यावर किती तरी वेळ बघत बसले.

‘इतकं सोपं होतं वं हे?’ ते मला म्हणाले. ‘मी नुसतं फोन करून सांगतलं असतं तरी केलं असतं त्याईनं. मले पुरावा पायजे होता.’

त्यांनी काम सोडलं. कंपनीनं काढलं नाही, त्यांनीच सोडलं. मला म्हणाले, ‘तू करत राह्य. तुले चांगलं जमते.’

त्यानंतर एके दिवशी त्यांनी मला गाडी चालवायला बोलावलं. धामणगाव बढ्याला जायचं होतं.  शामराव ओसरीत खाटेवर बसले होते, बाजूला कुबड्या. कोपऱ्यात पायानं चालवायचं शिलाईमशीन, त्यावर चादर टाकलेली. त्यांनी आम्हाला विम्याची माणसं समजून नमस्कार केला. सर बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं सगळं. शनिवारी मी तिथं होतो, तुमचे कागद गेले नाहीत हे मले दिसत होतं, मी बोललो नाही.

शामरावांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘काऊन नाही बोलले?’

सर उभेच होते. मी त्यांना लोकांच्या तोंडून उत्तरं काढताना वर्षानुवर्षं पाहिलं होतं. आता उत्तर त्यांना द्यायचं होतं. शेवटी म्हणाले, ‘आमच्या कामात बोलायचं नसते.’

‘असं काय,’ शामराव म्हणाले. त्यांच्या बायकोनं पाण्याचे पेले आणले होते. ती ते परत आत घेऊन गेली.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी गाडीत शिलाईमशीनला लावायची विजेची मोटर होती. सरांनी ती अकोल्याहून आणली होती, दुकानात बसून एका पायानं चालवून पाहिली होती. पायपट्टी डावीकडे हवी की उजवीकडे, दाब किती लागतो, सगळं बघितलं होतं. ओसरीत गेल्यावर त्यांनी खोकं उघडलं आणि सांगायला लागले. खूप दिवसांनी त्यांचा आवाज जुन्यासारखा झाला होता. ‘उजव्या पायानं नुसतं दाबाचं. जोर लागत नाही. मी स्वतः पाह्यलं.’

शामरावांनी मोटरला हात लावला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

‘सर,’ ते म्हणाले, ‘पाय माया गेला. आता तुमच्या मनाले बरं वाटावं म्हणून मी मशीन बदलू काय?’

 सर वाकले, खोक्यात मोटर परत ठेवली, वरची दोरी होती तशी बांधली. गाठ नीट बसेना, म्हणून ती दोनदा सोडून बांधली. मग नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसले.  मोताळ्यात मी चहासाठी गाडी थांबवली, तर म्हणाले, ‘बरोबर बोलले ते. आता त्याईले तरास द्याचा नाही.’

आणि त्यांनी खरंच दिला नाही. कुणालाच दिला नाही. मी खामगावला गेले की त्यांच्या घरी डोकावायचे. ते पेपर वाचत असायचे. कामाचं विचारायचे नाहीत. मी काही सांगायला लागले की ‘चांगलं, चांगलं’ म्हणायचे. एकदा त्या खानावळीत जाऊ म्हटलं, तर पाठदुखीचं कारण सांगितलं. भाचा नागपूरला घेऊन गेला, आणि तिथेच मागच्या उन्हाळ्यात झोपेत गेले. मला दोन दिवसांनी कळलं.

दिवाळीच्या आधी मी खामगावच्या बाजारात होते, तर कापडाच्या दुकानाबाहेर कुणीतरी ‘ओ ताई’ अशी हाक मारली. शामराव होते. कृत्रिम पाय लावलेला, हातात काठी. अस्तराचं कापड घ्यायला आले होते. मुलीच्या नवऱ्यानं मशीनला मोटर बसवून दिली, काम पुन्हा सुरू झालं, असं आपणहून सांगितलं. मग विचारलं, ‘अन् तुमचे ते सर? कुठं असतात आता?’

मी सांगितलं.

शामराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. रस्त्यावरून जाणारी कापसाची गाडी त्यांनी जाऊ दिली.

‘मी रागात बोललो होतो त्या दिवशी,’ ते म्हणाले. ‘नवी जखम होती. ते गेल्यावर मी बायकोले म्हटलं, येतीन हे पुन्हा. असा माणूस काही एका बोलण्यानं थांबत नाही. दोन-तीन महिने मी वाटच पाहत होतो, गाडी वाजली की ओसरीत येऊन बसत होतो. अजून एक खेप आले असते ना ताई, तं ठेवून घेतली असती मी ती मोटर.’

दुकानदारानं आतून अस्तराचा रंग विचारला. शामरावांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून मीच आत जाऊन सांगितलं की ते येताहेत, जरा थांबा.